कमांड प्रॉम्प्टचा रंग-फॉन्ट बदलला तरी पुन्हा जैसे थे? या क्रमाने तपासा

कमांड विंडोचं रंगरूप बिघडल्याची तक्रार माझ्याकडे इतक्या वेळा येते की आता समोरचा बोलायला लागला की दुसऱ्या वाक्यालाच अंदाज येतो. बहुतेक वेळा बिघाड नसतोच. सेटिंग एका जागी बदललेलं असतं आणि विंडो वाचत असते दुसऱ्याच जागेवरून.

आधी लक्षणं. यातलं तुमचं कुठलं ते बघा.

- प्रॉपर्टीजमध्ये जाऊन हिरवी अक्षरं केली, विंडो बंद केली, पुन्हा उघडली तर परत काळ्यावर पांढरं.
- स्टार्ट मेनूतून उघडली की नवा रंग दिसतो, पण विंडोज की आणि आर दाबून ‘सीएमडी’ टाइप केलं की जुनाच.
- ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेली विंडो भलतीच दिसते.
- अक्षरं अचानक राक्षसी मोठी किंवा मुंगीएवढी झाली, किंवा विंडोच्या आरपार मागचं दिसू लागलं.
- प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे कमांड टाइप करण्याआधी जो मजकूर दिसतो त्यात, चिन्हांऐवजी रिकामे चौकोन. मराठी फाइलनावांचेही चौकोन, नाहीतर तुटकी अक्षरं.
- पार्श्वभूमी छान झाली, पण फोल्डरची नावं गडद निळ्या रंगात बुडालेली, वाचताच येत नाहीत.
- लांब कमांड टाइप केली की ती खालच्या ओळीवर न जाता त्याच ओळीच्या सुरुवातीवर चढते.

एक सूचना सुरुवातीलाच. इथे कमांडी देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरायचे.

फुकटात होणारे उपाय

अक्षरांचा आकार बदलला असेल तर दहापैकी नऊ वेळा कंट्रोल दाबलेलं असताना माउसचं चाक फिरलेलं असतं. विंडोज टर्मिनल आणि लिनक्सवरच्या ग्नोम टर्मिनलमध्ये कंट्रोल आणि शून्य दाबा, मॅकवर कमांड आणि शून्य, आकार मूळ पदावर येतो. विंडोजच्या जुन्या कन्सोलमध्ये (म्हणजे बिनटॅबच्या कमांड विंडोत) कंट्रोल धरून चाक उलटं फिरवा. विंडो पारदर्शक झाली असेल तर कंट्रोलबरोबर शिफ्टही दाबलं गेलं होतं. तीच दोन बटणं धरून चाक दुसऱ्या बाजूला फिरवलं की झालं.

विंडोतल्या मजकुराचा अचानक रंगीबेरंगी किंवा अगम्य काला झाला असेल, विशेषतः चित्राची किंवा प्रोग्रामची फाइल चुकून पडद्यावर छापल्यावर, तर त्या फाइलमधल्या काही बाइट्सना टर्मिनलने रंग आणि अक्षरसंच बदलण्याच्या आज्ञा समजून घेतलं आहे. लिनक्स किंवा मॅकवर ‘रीसेट’ टाइप करून एंटर दाबा. टाइप केलेलं दिसत नसलं तरी दाबा, काम होतं. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर नुसतं ‘कलर’ लिहून एंटर दाबलं की विंडो उघडताना होते ते रंग परत येतात.

या ‘कलर’ कमांडबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण निम्मी गल्लत हिचीच असते. ‘कलर ०ए’ म्हणजे काळ्यावर फिकट हिरवं. पहिला अंक पार्श्वभूमीचा, दुसरा अक्षरांचा, आणि शून्यापासून एफपर्यंत सोळा रंग. दोन्हीकडे एकच अंक दिला तर कमांड काहीच करत नाही, कारण मग अक्षरं दिसलीच नसती. महत्त्वाचं म्हणजे ही कमांड फक्त त्या उघड्या विंडोपुरती असते, ती कुठेही साठवली जात नाही. ‘रोज सकाळी रंग उडतो’ म्हणणारे बरेचजण रोज ही कमांड मारत असतात. उलट प्रकारही होतो: कुणाची तरी बॅच फाइल (एकामागून एक कमांडी लिहून ठेवलेली फाइल) सुरुवातीलाच ‘कलर’ चालवते आणि काम संपल्यावर विंडो तशीच रंगवून सोडते. दोष विंडोचा नसतो, त्या फाइलचा असतो.

समोर नेमकी कोणती विंडो आहे?

ही तपासणी लोक हमखास टाळतात. विंडोजवर काळी चौकट दाखवणारे दोन वेगळे प्रोग्राम आहेत. एक जुना, कन्सोल होस्ट. दुसरा विंडोज टर्मिनल, ज्याची पहिली स्थिर आवृत्ती २०२० मध्ये आली. वरच्या पट्टीत टॅब आणि अधिकचं चिन्ह दिसत असेल तर ते विंडोज टर्मिनल, नसेल तर बहुधा कन्सोल होस्ट. दोघांची सेटिंग्ज वेगवेगळ्या ठिकाणी असतात आणि एकात निवडलेले रंग दुसऱ्याला कळत नाहीत.

विंडोज ११ च्या २०२२ सालच्या मोठ्या अपडेटनंतर कमांड प्रॉम्प्ट आपोआप विंडोज टर्मिनलमध्ये उघडू लागला. त्या काळात ‘अपडेटने माझे रंग खाल्ले’ ही तक्रार घेऊन रांग लागली होती. रंग कुठेही गेले नव्हते. ते रजिस्ट्रीत (विंडोज जिथे सेटिंग्ज साठवतं त्या नोंदवहीत) आणि शॉर्टकटमध्ये जागच्या जागी होते, फक्त नवा प्रोग्राम तिथे बघत नव्हता. जुनीच विंडो हवी असेल तर विंडोज टर्मिनलच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टार्टअप’ पानावर ‘डीफॉल्ट टर्मिनल ॲप्लिकेशन’ असा पर्याय आहे. तिथे ‘विंडोज कन्सोल होस्ट’ निवडा. माझं मत विचाराल तर नवीनच ठेवा आणि रंग एकदा तिथे लावून घ्या. जुन्यात आता नवं फारसं काही येत नाही.

विंडो कोणत्या दाराने उघडली?

जुन्या कन्सोलमधला ‘बदल टिकत नाही’ हा प्रकार जवळपास नेहमी इथेच सुटतो. वरच्या पट्टीवर राइट-क्लिक केलं की ‘डीफॉल्ट्स’ आणि ‘प्रॉपर्टीज’ अशा दोन नोंदी दिसतात. आतली पानं जवळजवळ सारखीच, म्हणून लोक कुठलीही एक उघडतात. ‘डीफॉल्ट्स’ म्हणजे ज्या विंडोला स्वतःची अशी सेटिंग्ज नाहीत तिच्यासाठीचे नियम. ‘प्रॉपर्टीज’ म्हणजे या विंडोपुरतं, आणि तेही ती ज्या दाराने उघडली त्या दारापुरतं.

शॉर्टकटवरून उघडली असेल तर रंग, फॉन्ट, विंडोचा आकार हे सगळं त्या शॉर्टकटच्या फाइलमध्येच लिहिलं जातं. ‘रन’मधून, म्हणजे विंडोज की आणि आर दाबून, उघडली असेल तर ते रजिस्ट्रीत, प्रोग्रामच्या नावाच्या वेगळ्या कप्प्यात जातं. स्टार्ट मेनू, टास्कबार, डेस्कटॉप अशी तीन ठिकाणं असतील तर तीन वेगळे संच असू शकतात. विंडोज पॉवरशेलचा तो ओळखीचा निळा रंगही असाच तिच्या शॉर्टकटमध्ये भरून ठेवलेला आहे. म्हणून ‘डीफॉल्ट्स’मध्ये काहीही केलं तरी ती निळी ती निळीच.

तपासायचं कसं? त्याच दिवशी, त्याच खात्यातून, दोन वेगवेगळ्या वाटांनी विंडो उघडा आणि शेजारी ठेवा. रूप वेगळं दिसलं तर निदान झालं. उपाय म्हणून मी डेस्कटॉपवर एक नवा शॉर्टकट करून देतो, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये रंग-फॉन्ट लावतो आणि तोच टास्कबारला पिन करतो. एकच वाट वापरायची सवय लागली की तक्रार संपते. रंग बदलताना शॉर्टकट बदलता आला नाही अशा अर्थाचा संदेश आला तर तो शॉर्टकट सर्व वापरकर्त्यांसाठीचा सामायिक आहे आणि त्यावर लिहायची तुम्हाला परवानगी नाही. परवानगीशी झटापट करू नका, स्वतःचा शॉर्टकट करा.

ॲडमिनिस्ट्रेटर विंडोचं कोडंही याच जातीचं. उघडताना फक्त ‘हो’ की ‘नाही’ विचारलं जात असेल तर खातं तुमचंच आहे, फरक शॉर्टकटचा. पण दुसऱ्या खात्याचं नाव आणि पासवर्ड मागितला जात असेल तर ती विंडो त्या दुसऱ्या माणसाच्या सेटिंग्जवर चालते. तुमच्या खात्यात कितीही रंग लावा, तिला ते कळणार नाहीत.

कोऱ्या शेलची चाचणी

इथपर्यंत सुटलं नसेल तर रंग विंडो लावते आहे की तिच्या आत चालणारा शेल (तुमच्या कमांडी वाचून चालवणारा प्रोग्राम), हे वेगळं काढायचं. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट आणि पॉवरशेल, लिनक्स-मॅकवर बॅश आणि झेडएसएच हे असे शेल. विंडोचं काम अक्षरं रंगवण्याचं, पण कुठलं अक्षर कुठल्या रंगात हे शेल आणि त्यातले प्रोग्राम सांगतात. शेलची स्वतःची सुरुवातीची फाइल असते. ती वगळून शेल उघडा: कमांड प्रॉम्प्टसाठी ‘सीएमडी’पुढे जागा सोडून तिरकी रेघ आणि ‘डी’, पॉवरशेलसाठी ‘पॉवरशेल’पुढे जागा सोडून आडवी रेघ आणि ‘नोप्रोफाइल’, बॅशसाठी दोन आडव्या रेघा आणि ‘नोआरसी’, झेडएसएचसाठी एक आडवी रेघ आणि ‘एफ’. काहीही पुसलं जात नाही, काही बदलत नाही, आणि अर्ध्या मिनिटात कळतं. कोऱ्या शेलमध्ये त्रास गेला तर दोष सुरुवातीच्या फाइलमध्ये. राहिला तर विंडोच्या सेटिंगमध्ये.

विंडोचा दोष असेल तर: विंडोज टर्मिनल

सेटिंग्जमध्ये ‘डीफॉल्ट्स’ हे सगळ्या प्रोफाइलना (प्रत्येक शेलसाठीच्या सेटिंग्जच्या संचांना) लागू होणारं पान आहे, पण एखाद्या प्रोफाइलवर वेगळा रंग लावलेला असेल तर तो वरचढ ठरतो. ज्या सेटिंगशेजारी मागे वळणारा बाण दिसतो ते सेटिंग त्या प्रोफाइलने स्वतःचं करून घेतलेलं असतं. बाण दाबला की ते पुन्हा सर्वसाधारण नियमाखाली येतं. आणखी एक घोळ म्हणजे ‘थीम’ आणि ‘कलर स्कीम’ या वेगळ्या गोष्टी आहेत. थीम टॅबच्या पट्टीचा रंग ठरवते, स्कीम आतल्या मजकुराचा. थीम गडद करून आतलं पांढरं का राहिलं असं विचारणारे बरेच भेटतात.

ज्यांनी सेटिंग्जची जेसन फाइल (सेटिंग्ज मजकुराच्या रूपात साठवणारी फाइल) हाताने बदलली आहे त्यांनी उघडताना येणारा, चूक दाखवणारा संदेश न वाचता बंद करू नये. ओळ क्रमांक त्यातच असतो. तोवर टर्मिनल मूळ सेटिंग्जवर चालतं, म्हणून सगळं पुसलं गेल्यासारखं वाटतं. नेहमीचे दोषी म्हणजे राहिलेला स्वल्पविराम, न मिटलेला कंस, आणि पार्श्वभूमीच्या चित्राचा पत्ता लिहिताना एकदाच दिलेली उलटी तिरकी रेघ. जेसनमध्ये ती दोनदा लागते. काहीच उमगत नसेल तर फाइलची प्रत बाजूला ठेवा आणि मूळ फाइल काढून टाका. टर्मिनल नवी कोरी फाइल तयार करतं.

मॅकवर हाच प्रकार थोडक्यात: प्रोफाइल निवडून रंग बदलले, पण खालचं ‘डीफॉल्ट’ बटण दाबायचं राहिलं. ग्नोम टर्मिनलमध्ये ‘सिस्टीम थीमचे रंग वापरा’ या चौकोनातली खूण काढल्याशिवाय तुमचे रंग लागतच नाहीत.

शेलचा दोष असेल तर

पॉवरशेलमध्ये दोन सापळे आहेत. विंडोजबरोबर येणारी ५.१ आणि वेगळी बसवावी लागणारी ७ या दोन्ही आवृत्त्यांच्या प्रोफाइल फाइली (शेलच्या सुरुवातीच्या फाइली) डॉक्युमेंट्समध्येच, पण वेगळ्या फोल्डरांत असतात. एकीत लिहिलेलं दुसरीला लागू नाही. दुसरा सापळा असा की साध्या विंडोजवर ५.१ मध्ये स्क्रिप्ट चालवायला मुळातच बंदी असते, त्यामुळे प्रोफाइल फाइल लिहिली तरी उघडताना लाल संदेश येतो आणि ती चालत नाही. स्वतःच्या मशीनवर स्वतःच्या खात्यापुरतं ‘रिमोटसाइन्ड’ धोरण लावणं पुरेसं आहे. सगळी बंदी उठवून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

बॅशमध्ये ‘बॅश-आरसी’ आणि ‘बॅश-प्रोफाइल’ यांचा गोंधळ जुना आहे. लॉगिन शेल (खात्यात शिरताना सुरू होतो तसा शेल) दुसरी वाचतो, साधा शेल पहिली. मॅकचं टर्मिनल लॉगिन शेल उघडतं, म्हणून लिनक्सवरची सवय तिथे चालत नाही. शिवाय २०१९ च्या कॅटालिनापासून मॅकवर नव्या खात्यांना झेडएसएच मिळतो, म्हणजे बॅशच्या फाइली तिथे कुणी उघडूनही बघत नाही.

कमांड स्वतःच्याच ओळीवर चढत असेल तर बॅशचा प्रॉम्प्ट तपासा. रंगाच्या संकेतांना जागा लागत नाही, पण ते उलटी तिरकी रेघ लावलेल्या चौकटी कंसांत बंद केले नसतील तर बॅश त्यांनाही अक्षरं म्हणून मोजतो. मग ओळ कुठे संपते याचा त्याचा हिशेब चुकतो. प्रॉम्प्टमधल्या प्रत्येक रंगसंकेताभोवती ती जोडी आहे का, एवढंच बघायचं. घाईत कुठूनतरी उचललेल्या प्रॉम्प्टमध्ये शेवटचा, रंग पूर्ववत करणारा संकेत बहुतेकदा उघडा राहिलेला असतो.

गडद निळी नावं

फोल्डरचं नाव छापणारा प्रोग्राम ‘अमुक छटा’ असं सांगत नाही, तो ‘निळा’ एवढंच सांगतो. निळा म्हणजे कसा, हे विंडोची रंगसारणी ठरवते. म्हणून फोल्डरची नावं दिसत नसतील तर प्रोग्राममागे लागण्याआधी कलर स्कीममधला निळा फिकट करा. विंडोजच्या जुन्या सारणीतला गडद निळा इतका काळसर होता की मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये सगळी सारणीच उजळ केली. पण ती नव्याने बसवलेल्या विंडोजलाच आपोआप मिळाली, अपग्रेड केलेल्यांकडे जुनी तशीच राहिली. त्यामुळे शेजारी-शेजारी बसलेल्या दोन मशीनवर तोच रंग वेगळा दिसू शकतो.

याच्या उलट अनुभव व्हीएस कोड या कोड लिहिण्याच्या प्रोग्रामच्या आतल्या टर्मिनलमध्ये येतो. तिथे किमान कॉन्ट्रास्टचं सेटिंग मुळात ४.५ वर असतं, आणि पार्श्वभूमीशी जुळणारे रंग ते स्वतःहून बदलतं. ‘मी दिलेला रंग हा नाही’ असं वाटलं तर तो आकडा १ करून बघा. फॉन्टही तिथे वेगळा लावावा लागतो.

चौकोन आणि तुटकी मराठी

प्रॉम्प्टमधल्या बाणांचे, फांद्यांचे चौकोन झाले असतील तर त्या सजावटीला लागणारी चिन्हं तुमच्या फॉन्टमध्ये नाहीत. ‘नर्ड फॉन्ट’ गटातला एखादा बसवा आणि त्या-त्या विंडोच्या सेटिंगमध्ये निवडा. नुसता बसवून भागत नाही. यादीत तो दिसतच नसेल तर सर्व वापरकर्त्यांसाठी बसवून बघा. आणि प्रत्येक अक्षराची रुंदी सारखी असलेलाच फॉन्ट घ्या.

मराठीचं दुखणं खोल आहे. कमांड विंडो सारख्या चौकटींच्या जाळीवर अक्षरं ठेवते. आपल्या ‘कि’मध्ये आधी क साठवला जातो आणि मग वेलांटी, पण काढताना ती अलीकडे यावी लागते. जोडाक्षरात तर दोन-तीन चिन्हांचं मिळून एक रूप होतं. जुन्या कन्सोल होस्टला ही जुळणी करताच येत नाही. ‘सीएचसीपी ६५००१’ ही कमांड देऊन युनिकोड सुरू केलं की प्रश्नचिन्हांचा त्रास जाऊ शकतो, पण मात्रा जागेवर बसत नाहीत. विंडोज टर्मिनलमध्ये चित्र बरंच सुधारतं, निर्दोष म्हणता येणार नाही. यावर संध्याकाळ घालवू नका. मजकूर फाइलमध्ये वळवा आणि नोटपॅडमध्ये वाचा. फाइलचं नाव तुटकं दिसलं म्हणून ती खराब झाली असं समजून पुसू मात्र नका.

शेवटची आणि अवघड जागा: रजिस्ट्री

इथे हात घालण्याआधी एक सोपं बघा: जुन्या कन्सोलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘लेगसी कन्सोल वापरा’ अशी खूण चालू आहे का? असेल तर पारदर्शकता आणि नवे रंगसंकेत चालत नाहीत. खूण काढा, विंडो बंद करून नव्याने उघडा.

तरीही अडलं असेल तर रजिस्ट्रीत तुमच्या खात्याखाली ‘कन्सोल’ नावाची की आहे आणि तिच्यात प्रोग्रामनिहाय कप्पे. अडेलतट्टू कप्पा आधी एक्स्पोर्ट करून ठेवायचा, मगच पुसायचा. म्हणजे ती विंडो पुन्हा सर्वसाधारण नियमांवर येते. ‘एक्स्पोर्ट म्हणजे काय’ असा प्रश्न पडला असेल तर हा टप्पा तुमच्यासाठी नाही, जाणकाराला बोलवा.

कधी थांबायचं

कोऱ्या ‘सीएमडी’मध्ये त्रास जातो, पण साध्यात परत येतो, याचा अर्थ ‘ऑटोरन’ नावाच्या रजिस्ट्री नोंदीतून काहीतरी दरवेळी चालतं आहे. ते तुम्ही किंवा तुमच्या ओळखीच्या साधनाने लिहिलेलं असेल तर ठीक. अनोळखी फाइलचा पत्ता असेल तर ती फाइल उघडून बघू नका. कमांड विंडो उघडली की गुपचूप चालण्यासाठी ही जागा घातक प्रोग्रामही वापरतात. तिथे रंगाचा प्रश्न संपतो आणि सुरक्षेचा सुरू होतो.

कार्यालयाच्या मशीनवर लॉग आउट करून परत आल्यावर कमांड विंडोबरोबर डेस्कटॉपचं चित्रही मूळचं होत असेल, तर तुमचं खातं दरवेळी ठरलेल्या साच्यातून नव्याने तयार होतं आहे. तुम्ही काहीही लावलं तरी टिकणार नाही. ते तिथल्या सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटरचंच काम, वाकड्या वाटेने धोरण चुकवायला जाऊ नका. आणि रंग सगळ्याच प्रोग्राममध्ये फिके, पिवळट किंवा उलटे दिसत असतील तर कमांड विंडो सोडा. नाइट लाइट आणि हाय कॉन्ट्रास्ट बंद आहे का एवढं बघा, तरीही तसंच दिसलं तर ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा स्क्रीन बघणाऱ्याला दाखवा.

कुणाला बोलावलंच तर चार गोष्टी तयार ठेवा: विंडो टॅबवाली की बिनटॅबची, ती कुठून उघडली, कोऱ्या शेलमध्ये त्रास राहिला की गेला, आणि बिघडलेल्या रूपाचा स्क्रीनशॉट. यातलं दुसरं उत्तर बहुतेकांना आठवत नाही, म्हणून बोलावण्याआधी एकदा उघडून खात्री करून घ्या.